नोकरी सोडून नाटक-सिनेमा: ज्यांनी केलं त्यांनी कसं केलं? (भुसावळ)

माहेर_आसोदा:
नमस्कार मंडळी. इथे चार-पाच वर्षांपासून वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

आमचे हे भुसावळ यार्डात पॉइंट्समन आहेत, म्हणजे रूळ बदलणं, डबे जोडणं हे काम. नोकरीला अकरा वर्षं झाली, वय चौतीस. रेल्वेचं क्वार्टर आहे. मुलगी दुसरीत, मुलगा साडेतीन वर्षांचा. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, सकाळी सात ते एक.

यांना नाटकाचं वेड लग्नाच्या आधीपासूनचं. कॉलेजात असताना युवारंग, म्हणजे विद्यापीठाचा युवक महोत्सव, गाजवलेला. नोकरी लागल्यावर यार्डातले तिघं, एक शिक्षक आणि एक किराणा दुकानवाले असा संघ जमवला. गेल्या राज्य नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर यांना अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. प्रयोगाला मुंबईचे एक दिग्दर्शक आले होते. ते यांना म्हणाले, "तू इथे काय करतोयस?" त्या एका वाक्याने आमच्या घराची झोप उडाली आहे. आता त्यांनी एका व्यावसायिक नाटकात काम देऊ केलंय. मोठं नाही, पण तीन प्रवेश आहेत. यांचं म्हणणं, दिवाळीनंतर राजीनामा देतो.

मी आडवी येणारी बाई नाही. त्यांचं पाठांतर मीच घेते. मी पोळ्या लाटत असते, नाटकाची नक्कल (संहिता) पाटावर उघडी असते, आणि हे गॅसच्या शेगडीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत बोलत असतात. परवा एका वाक्याला त्यांनी हात वर केला आणि आडवा हलवला. रात्री शंटिंगच्या वेळी हातातला दिवा हलवतात ना, अगदी तसा. नाटकात तो माणूस आपल्या भावाला थांबवत असतो. माझं लाटणं हातातच राहिलं. हा माणूस खरा नट आहे हे मला तेव्हा कळलं, आणि भीतीही तेव्हाच वाटली.

ज्यांनी नोकरीतून या क्षेत्रात उडी घेतली त्यांनी कधी घेतली? घर कसं चाललं? आपल्या खान्देशातलं कुणी असेल तर जरूर लिहा.

केळीबाग_रावेर:
ताई, राजीनामा देऊ देऊ नका. माझी साडेचार एकर केळी आहे. केळीवर सीएमव्ही रोग आला तेव्हा लावलेली रोपं उपटून बांधावर टाकली. आमच्याकडे एक तारखेला फक्त वीजबिल येतं. पगार काय असतो ते आम्हाला विचारा.

पाचोरा_दवाखाना:
डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. ते कान-नाक-घशाचे सर्जन होते. पुण्यात प्रॅक्टिस केली, पुढचं शिक्षण कॅनडात, काही वर्षं आफ्रिकेत, टांझानियात काम केलं. आणि या सगळ्या काळात नाटक सुटलेलं नव्हतं. पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेत ते हौशी नट म्हणून काम करतच होते. पूर्णवेळ नट झाले १९६९ साली. जन्म १९२७ चा, म्हणजे बेचाळीस वर्षांचे होते! पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. लोकांना वाटतं, डॉक्टरकी टाकली आणि नटसम्राट झाले. मधली वीसेक वर्षं कुणी मोजत नाही.

डॉ. मोहन आगाशेंनी तर डॉक्टरकी सोडलीच नाही. मानसोपचार शिकवत राहिले आणि नाटक-सिनेमाही करत राहिले. तुमच्या मिस्टरांना चौतीस म्हणजे उशीर झाला असं वाटत असेल, तर तसं अजिबात नाही.

तापीकाठ:
डॉक्टरसाहेब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे उदाहरण इथे लागू होत नाही. डॉक्टर पडला तर परत दवाखाना उघडतो. काशिनाथ घाणेकर दाताचे डॉक्टर होते, त्यांच्याही हाताशी विद्या होती. पॉइंट्समनने राजीनामा दिला तर यार्डात त्याला परत कोण घेईल? पदवी खिशात असलेल्याची उडी आणि हातावर पोट असलेल्याची उडी, दोन्हींत फरक आहे.

त्यापेक्षा निळूभाऊ फुल्यांचं बघा. पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात कामं करत. सयाजी शिंदे पाटबंधारे खात्यात रात्रीचे पहारेकरी होते. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. अमरीश पुरींनी कर्मचारी राज्य विमा महामंडळात वीसेक वर्षं नोकरी केली. सत्यदेव दुबेंकडे नाटकं करत राहिले आणि चाळिशीच्या आसपास सिनेमात नाव झालं. ही माणसं बघा ताई.

पाचोरा_दवाखाना:
तापीकाठ, मुद्दा मान्य. पण तुमच्या यादीतही तेच दिसतंय की. यातला कुणी पहिल्या टाळीला नोकरी सोडून निघालेला नाही.

लालपरी_चोपडा:
रजनीकांत बंगळुरात बस कंडक्टर. जॉनी वॉकर मुंबईत बेस्टचे कंडक्टर. आमच्या डेपोत मी ही पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, सगळ्या कंडक्टरांनी एकाच वेळी कंगवे काढले 😄

ताई, आता मनापासून सांगतो. कंडक्टरचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचावा लागतो आणि कुणाला टोचूही नये लागतो. बाजाराच्या दिवशी माणूस चेहऱ्यावरून ओळखावा लागतो, कुणाकडे सुटे आहेत, कोण चार आणे खोटं बोलतोय, कुणाच्या घरी काल काहीतरी घडलंय. हे कुठल्या शाळेत शिकवतात? एसटीची स्वतःची नाट्यस्पर्धा असते, मी तीनदा उतरलोय. आमच्यातला सगळ्यात चांगला नट वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. स्टेजवर तो नुसते हात पुसायचा आणि लोक गप्प व्हायचे. तुमच्या यांनी दिवा हलवला ना, ते वाचून मला तोच आठवला.

तिसरी_घंटा:
हा धागा आज सकाळी पाहिला, कामावर लक्ष लागलं नाही. सविस्तर लिहितो.

मी धुळ्याचा. २००९ साली एका खासगी कंपनीतली हिशोबाची नोकरी सोडून मुंबईला गेलो. सात वर्षं राहिलो, मग परत आलो. तुम्ही 'कसं केलं' विचारताय, म्हणून आधी रोजचं सांगतो.

नालासोपाऱ्यात चौघांत एक खोली. सकाळी लोकल पकडून अंधेरी, तिथून वर्सोव्याचं आरामनगर. बैठी घरं आहेत, एकेका घरात ऑडिशन चालू. दारावर यादी असते, नाव लिहायचं आणि बाहेर थांबायचं. आत गेलं की नाव, वय, उंची सांगायची, डावा गाल दाखवायचा, उजवा गाल दाखवायचा. मग दोन वाक्यं. "थँक्यू, कळवतो." दिवसाला अशा चार-पाच जागा. बहुतेक ठिकाणहून कळवत नाहीत. पहिल्या वर्षी ते मनाला लागायचं, दुसऱ्या वर्षी सवय झाली. आता बऱ्याच ऑडिशन घरून व्हिडिओ पाठवून होतात, तेवढा त्रास कमी झालाय.

पैशाचं. नाटकात 'नाइट' मिळते, म्हणजे प्रयोगामागे ठरलेली रक्कम. प्रयोग लागले तर पैसे, पावसाळ्यात प्रयोग कमी झाले तर घरी बसा. मालिकेत दिवसावर पैसे, पण ते हातात यायला नव्वद दिवस लागतात. म्हणजे जानेवारीत काम केलं की एप्रिलमध्ये पैसे. मधले तीन महिने कुणाच्या जिवावर काढायचे, हा खरा प्रश्न. एका निर्मात्याने माझ्या अकरा नाइटा बुडवल्या. नाव लिहीत नाही, तो माणूस आता हयात नाही.

ज्या मुलांचं घरभाडं दुसरीकडून निघत होतं, ती टिकली. कुणाची बायको शिक्षिका, कुणी रात्री कॉल सेंटरला, कुणी डबिंग करायचा. आमच्या खोलीतला जो आज तुम्हाला टीव्हीवर दिसतो, तो चार वर्षं एका झेरॉक्सच्या दुकानात बसत होता. आम्ही बाकीचे त्याच्यापेक्षा वाईट नट नव्हतो. पण भाडं थकलेला माणूस ऑडिशनला गेला की त्याच्या डोळ्यांत ते दिसतं. समोरच्याला काम करणारा नट हवा असतो, काम मागणारा नको असतो.

आता आपल्या मातीचं. एका मालिकेत माझं एकच वाक्य होतं, "आईच्या डोळ्यांत पाणी होतं." मी म्हणालो "आईच्या डोयात". दिग्दर्शक म्हणाले, परत. मी परत "डोयात". सहा वेळा झालं. सेटवर पन्नास माणसं उभी. सातव्या वेळी त्यांनी वाक्यच बदललं, "आई रडत होती." त्या रात्री खोलीवर जाऊन मी लहानपणीचं "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" म्हणत बसलो. महिनाभर रोज शंभरदा. जीभ टाळ्याकडे वळेपर्यंत. आजही ळ आला की मी क्षणभर सावध होतो.

गंमत पुढे आहे. दोन वर्षांनी मला शेतकऱ्याचं काम मिळालं, आणि तिथे म्हणाले, "जरा गावाकडचं बोल." मी आनंदाने आपलं बोलायला लागलो. तर म्हणाले, "हे नको, प्रेक्षकांना कळणार नाही, ते 'लई', 'कशापायी' वगैरे बोल." म्हणजे गावाकडचं म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडचं. शहरी माणूस व्हायला आमचा य चालत नाही आणि गावाकडचा माणूस व्हायलाही चालत नाही!

वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून परत आलो. आता धुळ्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी मुलांना नाटक शिकवतो. गेल्याचा पश्चात्ताप नाही. पण तीन महिन्यांचे पैसे गाठीला न बांधता गेलो, त्याचा आहे.

पोऱ्या_नंदुरबारना:
तिसरी घंटा भाऊ, डोया मा पानी उनं हाई वाचीसन. खरंच.

केळीबाग_रावेर:
जयगावची केयी, भुसावयची रेल्वे. आपली अहिराणी अशीच, आम्ही तर आयुष्यभर असंच बोलणार 😄

गणबोली:
एक दुरुस्ती. वर 'आपली अहिराणी' म्हटलंय. ताई आसोद्याच्या आहेत, तिथली बोली लेवा गणबोली. ळ चा य दोन्हीकडे होतो म्हणून दोन्ही एक होत नाहीत. बहिणाबाईंची गाणी अहिराणीत आहेत असं बरेच जण म्हणतात, ते चूक आहे.

पोऱ्या_नंदुरबारना:
वाद नई भाऊ. दोन्ही खान्देशन्याच बहिनी शेतस.

गणबोली:
बहिणी आहेत, पण नावं वेगवेगळी आहेत. असो, धागा भरकटायला नको. मला म्हणायचंय ते हे: बहिणाबाई शेतात आणि जात्यावर गायच्या, लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभावाने ती गाणी उतरवून घेतली. १९५२ साली पुस्तक आलं ते अत्र्यांच्या आग्रहामुळे. ते छापताना कुणी 'य' चा 'ळ' करत बसलं असतं तर काय उरलं असतं? नटाने प्रमाण भाषा शिकावी, जरूर शिकावी, पोटासाठी लागते. पण आपली विसरू नये. रात्री घरी बायको-मुलांशी आपलंच बोलावं.

पॉवरलूम:
नोकरी सोडायची की नाही, या वादात तुम्ही आमच्या मालेगावला विसरलात. तिथली मुलं लूमवर काम करतात, शुक्रवारी लूम बंद. त्या शुक्रवारच्या सुटीत सिनेमे काढले! कॅमेरा सायकलवर, बैलगाडीवर. २००८ साली त्यांच्यावर माहितीपट झाला, जगभर गेला. त्यात सुपरमॅन झालेला मुलगा लूमवर कामगार होता, अंगाने काडी.  पुढे तो आजारपणात गेला. हिरो व्हायचं होतं, झाला. त्यासाठी मुंबईला जावं लागलं नाही.

तापीकाठ:
मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं.

पॉवरलूम:
जिल्हा सरकारने पाडला. सटाणा-मालेगावच्या खेड्यांत जाऊन बघा कोणती बोली कानावर येते ते.

वही_चाळीसगाव:
मंडळी, मी सत्तरीच्या पुढचा आहे. नातवाकडून टंकून घेतोय.

तुम्ही सगळे 'नोकरी की नाटक' असं विचारताय. आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. माझे आजोबा तमाशाच्या फडात होते. दसऱ्याला फड बाहेर पडायचा, आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) गावोगावच्या यात्रा. पाऊस पडला की फड बंद आणि सगळे आपापल्या शेतात. पेरणी, निंदणी, पोळा, आणि दसरा आला की परत पेट्या बैलगाडीवर. फड नसेल त्या दिवसांत गावात वही, म्हणजे आपला गाण्या-सोंगांचा खेळ, असायची, ती रात्र रात्र चालायची. बायकांची कामं पुरुषच करायचे. आजोबा गवळण करायचे. पहाटे वही संपली की तसेच मळ्यात यायचे, मोट धरायला. अंगावर धोतर-बंडी, आणि डोळ्यांत काजळ तसंच. बैल त्यांच्याकडे बघायचे असं आजी सांगायची. मी स्वतः ते काजळ पाहिलेलं आहे. घाम आला की गालावर उतरायचं.

त्यांनी कधी काय सोडलं नाही आणि काय धरलं नाही. दोन्ही त्यांचंच होतं. अर्थात आजीच्या वाट्याला काय आलं ते वेगळं. सात-आठ महिने घर, गुरं आणि चार पोरं ती एकटी बघायची.

शिरपूरकर:
स्मिता पाटीलचं नाव अजून कुणी घेतलं नाही? त्यांचे वडील शिवाजीराव पाटील आमच्या शिरपूरचे. स्मिताताई आधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, हा किस्सा आमच्याकडे प्रत्येकाला तोंडपाठ आहे. तिथेच त्यांना सिनेमावाल्यांनी हेरलं. १९८६ च्या डिसेंबरात गेल्या तेव्हा फक्त एकतीस वर्षांच्या होत्या. गावात त्या दिवशी चूल पेटली नाही असं आई सांगते.

तापीकाठ:
स्मिता पाटील थोरच. पण त्यांच्यावर घर चालवायची जबाबदारी नव्हती. ताईंच्या प्रश्नाशी तितका संबंध नाही.

लेक_अमळनेरची:
वहीवाले आजोबांच्या शेवटच्या दोन ओळी वाचून लिहायला बसले.

आसोद्याच्या ताई, तुम्ही यांच्याबद्दल सगळं लिहिलंत, स्वतःबद्दल एक ओळ. लॅब, सात ते एक. बाकी सगळे प्रतिसाद 'त्यांनी काय करावं' यावर. मी विचारते, तुम्हाला काय हवंय? तुमच्या पगारावर घर चालेल का? दोन मुलं, क्वार्टर गेलं तर भाड्याचं घर, आणि हे महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. मुलाला ताप आला तर लॅबला कोण जाईल?

नटांच्या मुलाखतीत एक वाक्य ठरलेलं असतं, "घरच्यांनी साथ दिली." त्या एका वाक्यात कुणाची तरी दहा-बारा वर्षं जमा असतात. माझ्या आईची आहेत, म्हणून सांगते. माझे वडील गायक. आईने शिवणाच्या मशीनवर आम्हाला शिकवलं. वडिलांचा मला अभिमान आहे आणि त्यांचं गाणं अजून ऐकते. पण त्यांनी आईला कधी विचारलं नव्हतं. तुमच्या यांनी तुम्हाला विचारलंय का? 'सांगितलंय' आणि 'विचारलंय' यात फरक आहे.

तिसरी_घंटा:
लेक ताई, बरोबर. मी माझ्या पोस्टमध्ये खोलीतल्या मुलांच्या बायका 'कुणाची बायको शिक्षिका' एवढ्यावर उरकल्या. चुकलंच.

यार्ड_निवृत्त:
माझी सदतीस वर्षं भुसावळ विभागात गेली. त्यामुळे नियमांचं सांगतो, ते इथे कुणी बोललं नाही.

एक, राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वेच्छानिवृत्तीला वीस वर्षं सेवा लागते. यांची अकरा झालीत. आत्ता राजीनामा दिला तर क्वार्टर, पास, रेल्वे दवाखाना सगळं संपलं. लहान मुलांच्या घरात दवाखाना फार मोठी गोष्ट आहे.

रेल्वेचे आचरण नियम १९६६ चे आहेत. कलेच्या क्षेत्रातलं प्रासंगिक काम करायला त्यात मनाई नाही, ड्यूटीवर परिणाम होता कामा नये इतकंच. पण मानधन घ्यायचं असेल, सलग काम असेल, तर लेखी परवानगी मागा. तोंडी "करा हो साहेब" वर कधीही जाऊ नका. उद्या कुणी तक्रार केली तर त्या तोंडी शब्दाला काही अर्थ नसतो. परवानगी मिळेलच असं नाही, पण मागितलेली असावी. बिनपगारी रजेचाही अर्ज करता येतो, तीही मंजूर करणं वरच्यांच्या हातात.

आणि एक. रेल्वेत आंतररेल्वे नाट्यस्पर्धा असतात, सांस्कृतिक कोट्यातून भरतीही होते. म्हणजे खात्याला कलेचं वावडं नाही. तुमच्या यांना मी ओळखत असेन कदाचित, पण नाव विचारणार नाही. एवढंच सांगतो, यार्डात रात्री दोन डब्यांच्या मधे शिरून कपलिंग करणारा माणूस दोनशे मीटरवरच्या ड्रायव्हरशी फक्त दिव्याने बोलतो. त्यात चूक झाली तर जीव जातो. अशा माणसाच्या हाताची हालचाल उगाच होत नसते. ताईंना स्वयंपाकघरात जे दिसलं ते मी रोज पाहायचो, पण नाटक म्हणून कधी पाहिलं नाही.

लालपरी_चोपडा:
शेवटची चार वाक्यं डेपोत वाचून दाखवली. कंगवे आत गेले. सगळे शांत.

केळीबाग_रावेर:
यार्ड काका, माझा पहिला प्रतिसाद थोडा बदलतो. राजीनामा देऊ नका, पण नाटकही सोडू नका.

माहेर_आसोदा:
मंडळी, दहा दिवसांनी येतेय, माफ करा. मुलाला गोवर आला होता.

हा सगळा धागा आम्ही दोघांनी मिळून वाचला. तिसरी घंटांची पोस्ट मी मोठ्याने वाचली. 'डोयात' आलं तिथे हे उठून गॅलरीत गेले. कॉलेजात यांच्याबरोबरही असंच झालं होतं म्हणे. मला कधी सांगितलं नव्हतं.

लेक ताई, तुमचा प्रश्न मी यांना जसाच्या तसा विचारला. "तुम्ही मला विचारलंय का?" आधी म्हणाले, "विचारलं ना." मग गप्प. मग म्हणाले, "नाही विचारलं." त्यावर आमचं भांडणही झालं. मी म्हटलं, मला लॅबमध्ये नुसतं रक्त काढत राहायचं नाही, मला डीएमएलटी, लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करायचाय. तीन वर्षांपासून म्हणतेय, प्रत्येक वेळी फी दुसऱ्याच कशाला तरी लागते. माझं ते झालं तर माझा पगार वाढेल, आणि तेव्हा तुम्ही गेलात तर मी अडवणार नाही. त्यांना हे माहीतच नव्हतं असं नाही. पण ऐकलं पहिल्यांदा.

मग त्या दिग्दर्शकांना फोन केला. यार्ड काकांनी सांगितलेलं सगळं कागदावर लिहून घेतलं होतं. प्रयोग बहुतेक शनिवार-रविवार असतात असं कळलं. तालमीचा एक महिना मात्र सलग लागेल. त्यांनी सांगितलं, थांबायची तयारी आहे, पण फार नाही. लेखी परवानगीचा अर्ज दिलाय, सोबत बिनपगारी रजेचाही. अजून उत्तर नाही. नाही मिळाली तर हे काम जाईल. आमचं ठरलंय की गेलं तर जाऊ द्यायचं, पण राजीनामा आत्ता नाही.

हे खूश आहेत असं मी लिहिणार नाही. दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. पदक टीव्हीच्या शेजारून उचलून कपाटात ठेवलं, मी परत बाहेर ठेवलं. काल म्हणाले, "निळूभाऊ बाग राखता राखता नाटक करत होते, मी यार्ड राखतो." थट्टेत म्हणाले की मनापासून ते मला कळलं नाही, पण म्हणाले आणि नक्कल काढून बसले.

पाचोरा_दवाखाना:
गोवर म्हणजे दहा दिवस ताई तुम्हीच जागल्या असणार. मुलाला जीवनसत्त्व अ चा डोस दिलाय ना? नसेल तर दवाखान्यात विचारा. नाटकाचं नंतर.

माहेर_आसोदा:
दिला डॉक्टर, रेल्वे दवाखान्यातच. आता खेळतोय.

लेक_अमळनेरची:
डीएमएलटीची फी या वेळी कशालाही जाऊ देऊ नका. प्रवेश घेतला की इथे लिहा, वाट बघते.

तिसरी_घंटा:
ताई, ते गॅलरीत गेले हे वाचून बरं वाटलं नाही आणि बरंही वाटलं. त्यांना माझा निरोप सांगा: राळ्याचं वाक्य सुरुवातीला सावकाश म्हणा, वेग नंतर. मुंबईला गेलात की पहिले दोन दिवस उतरायची सोय मी करतो, जुनी मंडळी अजून आहेत तिथे. आणि परवानगी आली नाही तर पुढच्या स्पर्धेला तुमचा संघ धुळ्याला आणा. आमच्या मुलांसमोर प्रयोग करा. जेवण माझ्या घरी, वरण-बट्टी.

केळीबाग_रावेर:
प्रयोग कुठेही असू द्या, तारीख टाका. रावेरहून गाडी भरून येतो.

माहेर_आसोदा:
निरोप सांगितला. कालपासून घरात तेच चालू आहे. हे दाढी करताना म्हणतात, मुलगी दप्तर भरताना म्हणते. धाकटा आजारपणातून उठल्यापासून दिवसभर "काये राये, गोरे राये" करत फिरतोय. मुलगी त्याला सारखी दुरुस्त करते. हे म्हणाले, "राहू दे गं त्याचं तसंच."

आज यांची रात्रपाळी आहे. साडेनऊला निघतील. डबा भरायचाय, नंतर येते.